धरणगाव ते साक्री: प्यालेले चहा आणि एक न प्यालेला

काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, परवाही नाही. वाऱ्यानं दाराची कडी हलली तरी मी उठून बसते. माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, रविवारी पाच माणसं घेऊन येणार आहेत, माझ्या रघूला न्यायला. रघू पाच वर्षांचा आहे. आत्ता माझ्या पदरावर डोकं ठेवून झोपलाय, म्हणून जागची न हलता गुडघ्यावर कागद घेऊन लिहिते.

वाचनालयाच्या बाईंनी मागंच सांगितलं होतं, तू साक्रीला जातेस तर आल्यावर वाचनालयाच्या भिंतीवर लावतो त्या कागदासाठी लिही. रस्ता कसा, कुठं काय खाल्लं-प्यालं, बायकांना कामाला येईल. मी चौथीपर्यंत शिकलेली. जमेल तसं लिहिते.

आधी एक सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात घरचं भांडण मिटलं की पाच माणसांत गोड चहा होतो. ज्याला निकाल मान्य करायचा, त्यानं पहिला घोट घ्यायचा. त्यानं घेतल्याशिवाय बाकीचे कपाला हात लावत नाहीत. एकदा घोट घेतला की बोलणं पक्कं, मग मागं फिरता येत नाही.

नवरा गेला तेव्हा मी तान्ही इंदू घेऊन माहेरी आले. जेठ म्हणाले, पोरगा इथं राहू दे, तुझं बस्तान बसलं की ने. त्यांना मूलबाळ नाही. दोन दिवाळ्या झाल्या. आता निरोप आला की पोरगा आम्ही आमचा म्हणून ठेवतो, तू ये आणि चहा घेऊन जा. आई म्हणाली, जाऊ नको. दादाला, माझ्या भावाला, अमळनेरच्या तेलाच्या मिलमधून सुट्टी नव्हती. मी म्हटलं, जाते, पण चहा घेणार नाही. आई हसली, कारण चहा नाही म्हणायची मला सवयच नाही. बारशाला जाऊन मी पाळण्याच्या आधी चुलीकडं बघते.

तर निघताना घरचा कोरा चहा घेतला, गुळाचा, तुळशीची पानं टाकून. दूध इंदूला लागतं. कोऱ्या चहात गूळ जुना काळा असला तर चव येते, पिवळ्या गुळानं नुसतं गोड लागतं.

धरणगावहून सकाळच्या गाडीनं अमळनेर. बायकांच्या डब्यात बसा, पण दाराजवळ नको, कोळशाची कणी डोळ्यात जाते. अमळनेर टेसनवर चहावाला खिडकीशी येतो. आपलं फुलपात्र पुढं केलं की भरून देतो, एका आण्याला. चहा उकळून उकळून काळा झालेला, त्यात मिलच्या तेलाचा वास हवेतून मिसळतो. चांगला नाही म्हणता येत. पण पोटात भीती असली की असाच चहा लागतो, घशाला चटका देणारा.

अमळनेरहून धुळ्याला एस्टी. रस्ता खडीचा, मागच्या बाकावर लेकरू घेऊन बसू नका, वर उडतं. धुळ्याच्या स्टँडसमोर हॉटेल आहे, पण आत सगळे पुरुष. मी इंदूला घेऊन बाहेर उभी राहिले, आत जायचा धीर होईना. तिथं फातमाबी म्हणून एक बाई बसल्या होत्या, भांड्यांना कल्हई करणाऱ्याची बायको, साक्रीच्या बाजाराला निघालेल्या. त्यांनी बाहेरूनच हाक मारून दोन चहा मागवले, एक माझ्या फुलपात्रात ओतला. आल्याचा चहा होता, पण पातळ. फातमाबी हॉटेलवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, म्हशीला लांबूनच चहा दाखवला का रे?" तोही हसला आणि वरून चमचाभर साय टाकून गेला. तेव्हा मला कळलं, चहा चांगला नसला तर गप्प बसून प्यायचा नाही, मागायचं.

मी त्यांना सगळं सांगितलं. परक्या बाईला सांगायला सोपं जातं. त्या काही शिकवायला बसल्या नाहीत. एवढंच विचारलं की पोरगा तुला ओळखेल का.

धुळ्याहून पुढं दुसरी एस्टी. साक्रीला बाजार भरला होता. तिथं शेळीच्या दुधाचा चहा मिळतो, शेवेबरोबर घ्या. दाट होतो आणि थोडा खारट लागतो. पुढं आमच्या सासरच्या गावाला एस्टी नाही, बाजाराहून परतणारी बैलगाडी धरायची. गाडीवाल्याला आधी विचारून घ्या नाला ओलांडून नेणार की अलीकडं सोडणार, नाहीतर लेकरू कडेवर घेऊन चालावं लागतं. मला चालावं लागलं.

रघू अंगणात होता. अंगात नवा सदरा, डोक्याला तेल. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि जेठानीच्या, म्हणजे जेठांच्या बायकोच्या, मागं गेला. तिला आई म्हणाला. जेठानी वाईट बाई नाही, हे लिहायलाच पाहिजे. तिनंच त्याला पुढं ढकललं, ही तुझी खरी आई म्हणाली, आणि आत जाऊन भांडी घासत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच माणसं आली. ओट्यावर घोंगडी टाकली. सगळ्यांत मोठे म्हणजे गावातले आबा. जेठ बोलले, पोरगा शाळेत जाईल, शेत त्याच्या नावावर होईल. खोटं काही बोलले नाहीत. मग सासूनं चहा आणला. माझी सासू करते तसा चहा मी कुठं प्याले नाही. मोरीजवळ लावलेली गवती चहाची पात, सुंठ, आणि दूध चहातच आटवलेलं. दोन वर्षं मला त्या वासाची आठवण येत होती. कप माझ्यापुढं ठेवला. मी दोन्ही हात इंदूखाली धरून बसले.

सगळे थांबले. चहावर साय धरली. सासू म्हणाली, "पी ले माय, थंडा व्हई ऱ्हायना."

आबांनी मिशा पुसल्या. "पोरी, तू पिशी तवय आम्हले भेटी. मना तं दिनच चहावर उगस."

आबांचा दिवस चहानंच उगवतो, म्हणून माणसं हसली. मलाही हसू आलं, आणि हसताना हात सुटेल की काय अशी भीती वाटली.

मी म्हटलं, "आबा, मी प्याले की पोरगं गेलं. मी नाही पिणार."

जेठ म्हणाले, "आम्ही काय विष देतो का?"

मी जेठांना म्हटलं, "नाना, चहा चांगला आहे. वास घरभर आलाय. म्हणूनच हात लावत नाही."

मग समजावणं सुरू झालं. बाईमाणूस, माहेरी काय खाऊ घालशील, पुढं पोरगंच तुला विचारील. मी कोणाला उलटून बोलले नाही. मान हलवत राहिले, नाही म्हणून. चहा गार झाला. जेठांनी सासूला दुसरा टाकायला सांगितलं. तोही आला, तोही गार झाला.

जेठ तिसऱ्यांदा म्हणाले, चहा ठेव. सासू चुलीपुढून उठलीच नाही. आतूनच म्हणाली, "दूध सरी गयं."

मी दारात बसले होते. मला आतलं दिसत होतं. दूध संपलं नव्हतं, पातेलं भरलेलं होतं, त्यावर तिनं ताट झाकलं आणि ताटावर हात ठेवून बसली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

चहा नाही तर निकाल नाही. आबा काठी घेऊन उठले आणि म्हणाले, निकाल होईपर्यंत पोरगं आईकडं राहील. जेठ म्हणाले, ठीक, रविवारी आम्हीच धरणगावला येतो, दूध-साखर बरोबर आणतो, तुझ्या दारात चहा होईल.

परतताना धुळ्याला मी हॉटेलात आत जाऊन बसले, दोन्ही लेकरं घेऊन. सगळ्यांनी पाहिलं, पाहू दे. भरून कप मागवला. रघूनं बशीत ओतून फुंकर मारली, तशीच जेठानी मारते. पहिली बशी मला दिली.

घरी आल्यापासून तो दोनदा तिच्यासाठी रडलाय. मी आणलं ते बरोबर की नाही, असं विचारायला मन जातं. पण सोडायचं नाही हे ठरलंय. ते दोन गार कप माझ्यासमोर होते आणि मी हात लावला नाही, प्रवासातनं माझ्याजवळ उरलं ते एवढंच. पण आमच्या ओट्यावर पाच माणसं बसतील तेव्हा आमच्याकडून बोलायला एक तरी पुरुष लागतो. माहेरच्या दारात घरच्या मोठ्याचा घोट धरतात. पुरुष नसला तर आईला पुढं बसवतील, आणि तिला कमी ऐकू येतं. समोर कप आला की ती घेते.

पत्र रविवारच्या आत पोचणार नाही आणि मी रघूला सोडून घराबाहेर जात नाही. हा कागद आई वाचनालयात देऊन येईल, पण फोनवरचं तिला ऐकू येत नाही. वाचनालयाखाली कापसाच्या पेढीत फोन आहे. हे जो कोणी वाचेल त्यानं माझ्यासाठी अमळनेरला तेलाच्या मिलच्या हापिसात फोन लावावा, डबे भरणाऱ्या नथूला बोलवा म्हणावं. तोच माझा दादा. त्याला सांगा, शनिवारच्या गाडीनं ये. आणि एवढं विसरू नका, तो मोठ्यांपुढं लाजतो, त्याला आधीच सांगा की कपाला हात लावू नको.