साडूचं नख

आमच्या साडूभाऊंनी या जगातली एकही वस्तू आजवर पहिल्या फेरीत पास केलेली नाही. बायकोच्या बहिणीचा हा नवरा हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. तिथं कृत्रिम गुडघे बनतात. धातूची बारीक भुकटी लेझरनं थरावर थर वितळवून गुडघा उभा करतात, आणि तो निघतो पॉलिश पेपरसारखा खरखरीत. घासून त्याचा आरसा करायचं काम माझ्या लहानशा वर्कशॉपात होतं. आरसा झाला की नाही, हे ठरवणार साडूभाऊंच्या उजव्या तर्जनीचं नख.

त्या नखाचे लाड पाहून माझं डोकं फिरतं. बारीक कानशीनं ते रोज घासायचं. रश्शात भिवापुरी मिरची असली की चमच्यानं जेवायचं, कारण बोट बधिर होतं. आमच्या वास्तुशांतीला आले, तर पूजेला हात जोडायच्या आधी स्वयंपाकघरात शिरले. ओट्याच्या ग्रॅनाइटवर नख ओढलं आणि पाहुण्यांसमोर म्हणाले, "फसवलं गा तुले. पॉलिश नाही हे, मेण चोळलं आहे." सीताबर्डीवर एक तवा घ्यायला गेलो, तेव्हा यांनी दुकानातले सगळे तवे खाली उतरवले आणि एकही न घेता निघाले. त्या दुकानात मी आता तोंड दाखवू शकत नाही.

आणि गेल्या दिवाळीआधी माझी चाळीस नगांची पहिली खेप या माणसानं परत पाठवली. सुईवाल्या मोजणी यंत्रानं चाळीसही नग पास केले होते. मी कागद यांच्या नाकासमोर नाचवला.

"हे सरासरी सांगते," साडूभाऊ म्हणाले. "एखादा ओरखडा सरासरीत बुडून जाते. पण सांध्यातलं प्लास्टिक त्याच ओरखड्यावर रोज घासलं जाईन. माणूस काय सरासरीवर चालते का गा?"

तळपायाची आग मस्तकात गेली. घरच्या माणसाचा माल. कारखान्यानं मला बजावलं, पुढची खेप परत आली तर काम दुसऱ्याला देऊ. म्हणजे माझ्या वर्कशॉपाला कुलूपच. सहा महिने मी यांच्याशी बोललो नाही. एका पंगतीत बसलो तरी वरण मी बायकोकरवी मागितलं.

दुसरी खेप घेऊन गेलो, तर साडूभाऊ फाटकाबाहेर उभे. हजेरीचं नवं यंत्र बसलं होतं आणि ते यांचं बोट घेईना. बावीस वर्षं पॉलिशची पूड लागलेले नग चाचपून बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. ते बोट पँटला पुसायचे, काचेवर ठेवायचे. यंत्र म्हणायचं, प्लीज ट्राय अगेन. चौकीदार मान खाली घालून बसला होता.

"काल बी घरीच पाठवलं," साडूभाऊ म्हणाले. "ठसा उमटल्याशिवाय येऊ नका म्हणे. दहाही बोटं लावून पाह्यली."

इतके महिने साठवलेला माझा राग भलतीकडेच फुटला. मी चौकीदारावर ओरडलो, "याच माणसाले तू रोज सलाम ठोकतो न? मग ओळखाले यंत्र काहून लागते तुले?" तो बिचारा माझ्या कानाशी आला. "भाऊ, तुम्ही आत जा न. आज हे साहेब आत नाहीत, मशीनवरच तपासतील. माल पास होऊन जाते तुमचा."

साडूभाऊंनी ते ऐकलं. "जाय," ते म्हणाले. "काहून थांबला?"

मी पेटी उघडली आणि एक नग त्यांच्या हातात दिला. का दिला, ते अजून मला समजलेलं नाही. त्यांनी आधी बोट फिरवलं, मग नख, आणि नग परत दिला. "बोटाले मले आता काही लागत नाही, नखाले लागते. पण माझं नको ऐकू. तुझं नख फिरव."

फिरवलं. गुडघा वाकतो त्या वळणावर नख अडकलं. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तरी दर वेळी तिथंच अडकायचं.

मी साडूभाऊंना मनापासून शिव्या घातल्या. मग पेटी स्कूटरवर बांधली, त्यांना मागे बसवलं आणि वर्कशॉपला परत आलो. खेप आठ दिवस उशिरा गेली. अर्धं काम हातचं गेलं, अर्ध्यावर वर्कशॉप कसंबसं चालू आहे.

साडूभाऊंचा ठसा अजून उमटलेला नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याकडे येऊन बसतात आणि प्रत्येक नगाला नावं ठेवतात. मी रोज चिडतो. परवा बायको म्हणाली, "एकाच बोटाचं नख काहून वाढवून राहिले तुम्ही?" साडूभाऊ घरी गेले की मी वर्कशॉपात ठेवलेली त्यांचीच कानस वापरतो.