संशोधनाच्या यादीत मावशीचंही नाव राहणार

मंडळी, आज दुपारी विभागात भांडून आलेय, म्हणून हे लिहितेय.

मी विद्यापीठात इंग्रजी शिकवते. थळ या आमच्या गावच्या कोळी लग्नगीतांवरचा माझा शोधनिबंध यंदा परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यावर दोन नावं आहेत, माझं आणि माझ्या मावशीचं. मावशी मासळी विकते. गाणी तिनं म्हटली, ओळीओळीचा अर्थही तिनंच सांगितला. मी ते इंग्रजीत आणलं.

विभागातल्या प्राध्यापकांच्या संशोधनाची यादी आज वेबसाइटवर जाणार होती. विभागप्रमुखांनी तिच्यातून मावशीचं नाव खोडलं. "मॅडम, चौथी शिकलेली बाई संशोधक म्हणून कशी दाखवायची? लोक हसतील."

"हसू देत. नाव तरी वाचतील," मी म्हणाले. "दोन्ही नावं ठेवा, नाहीतर माझंही काढा."

त्यांनी माझंही काढलं.

घरी येऊन मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मना इंग्रजी न्हाय येत, पन गानी माझीच हायत ना? मग तू कशाला गप बसशील?"

उद्या कुलगुरूंकडे लेखी तक्रार देतेय, सही दोघींची. तुमच्या अभ्यासाला ज्यांनी आपलं ज्ञान दिलं, त्यांची नावं तुम्ही कुठे लिहिलीत?