पदरावरचा डाग
आज जिन्यात बोंबलांचा वास आला आणि शांती नगरातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगची गॅलरी आठवली. आईने दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या बोंबलांचं पाणी ठिबकत ठिबकत खालच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती काकूंच्या दोरीवरच्या पांढऱ्या साडीवर पडलं होतं. रविवारी चर्चला नेसायची ठेवणीतली साडी ती! काकूंनी खालूनच आईचा असा उद्धार केला की अख्खी बिल्डिंग गॅलरीत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काकू, तीच साडी नेसलेल्या, पदरावर पिवळट डाग. "वहिनी, काल मी नको नको ते बोलले. माफ करा. आज चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, मनात राग ठेवून मी प्रभूची ती भाकर कशी घेऊ?" आई ओशाळली. "अहो, पण चूक तर माझी होती!" "चूक कोणाची ते शास्त्र विचारत नाही, वहिनी. आधी समेट कर, मग माझ्यापाशी ये, एवढंच सांगतं," म्हणत काकू चर्चला धावल्या. शास्त्र असं अंगावर नेसलेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. आज तो वास आला तेव्हा मी, काल पार्किंगवरून ज्याच्याशी भांडलो त्या शेजाऱ्याच्या दारात घुटमळत होतो. चूक त्याचीच होती. मी बेल दाबली.