एकटीच होते, साहेब

ती घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात निनावी फोन आला, की कराटे क्लासच्या पोरांनी काल संध्याकाळी बसस्थानकामागं एकाला काठ्यांनी बदडलंय. पाठोपाठ गावातले एक वजनदार कंत्राटदार आपल्या तरण्या मुलाला घेऊन हजर झाले. मुलाचं मनगट प्लास्टरमध्ये. चौघांनी मिळून मारलं, अशी फिर्याद. कंत्राटदारांना गुन्हा तर हवाच होता, शिवाय क्लासही बंद करून हवा होता. तासाभरात वरूनही तसाच फोन आला.

क्लास चालवणारे सर म्हणजे एसटीचे मेकॅनिक. त्यांना बोलावलं, तर त्यांच्यासोबत एकोणीस वर्षांची एक शिष्या आपणहून आली. पोलीस भरतीची तयारी करणारी. महिला हवालदारासमोर जबाब सुरू झाला.

"एकटीच होते, साहेब. त्यानं मैत्रिणीचा हात धरला, सोडंना. म्या मनगट पिळलं. मोडलं ते मलाच आधी कळलं."

मी तिला बजावलं, की हे लिहून घेतलं तर गुन्हा तुझ्यावर येऊ शकतो, भरती हातची जाईल. या टप्प्यावर भलेभले जबाब फिरवतात. तिनं सरांकडं पाहिलंही नाही.

"खरं हाय ते लिहा. खोटं बोलून वर्दी न्हाई घालायची मला."

मी सरकारी दवाखाना गाठला. मुलाच्या अंगावर काठीचा एकही वळ नव्हता. डॉक्टर म्हणाले, तो आला तेव्हा हात ओढणीच्या झोळीत व्यवस्थित बांधलेला होता. काठ्यांनी मारणारे चौघं कुणाचा हात बांधून देत नसतात. साक्षीदार म्हणून आलेल्या मुलाच्या दोघा मित्रांना वेगवेगळं बसवलं आणि एकच विचारलं, ओढणी कुणाची? त्यातल्या एकानं सांगून टाकलं.

"तिचीच, साहेब. तो खाली बसला तसं तिनं सोडलं अन् हात बांधून दिला. काठ्यांचं आम्हीच रचलं."

मैत्रिणीची फिर्याद घेऊन मी मुलावर विनयभंगाचा गुन्हा दाखल केला आणि त्या पोरीनं केलं ते मैत्रिणीच्या बचावासाठी, असं अहवालात स्वच्छ लिहिलं. महिन्याभरात माझी बदली झाली. खंत नाही.

पोरींना मारायला शिकवलं की त्या बिघडतात, असं सांगणारे नोकरीभर भेटले. बिघडलेले मी पुष्कळ पाहिलेत. कुठं थांबायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. हे सर पहिल्या दिवसापासून तेच शिकवतात. आता माझी नात त्यांच्याकडं जाते. नाव मीच घातलंय. ज्याला तक्रार करायची, त्यानं खुशाल करावी.