अप्पांच्या चेहऱ्याचा साचा

खोटं कशाला बोलू, अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही. मी उठून शेडमधलं प्लास्टरचं पोतं कोरडं आहे का ते बघितलं.

अप्पा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. सगळं घर त्यांना अप्पाच म्हणायचं. हुबळीतले नावाजलेले वकील, देशपांडे नगरात बंगला, स्वतः काढलेली एक शाळा. बाबा धारवाडला ड्रॉइंग मास्तर. दोघांतलं हे अंतर अप्पांनी कधी कुणाला विसरू दिलं नाही. मी गोकुळ रोडला साचे काढते. बागेतली बदकं, साडीच्या दुकानातल्या बाहुल्या, संस्थांच्या दारातले अर्धपुतळे, पडेल ते काम करते. फोनवर अप्पांचा थोरला मुलगा होता, ज्याला मी अण्णा म्हणते.

"अप्पा गेले गं पहाटे. अकराला न्यायचंय. तू सामान घेऊन ये, चेहऱ्याचा साचा घ्यायचाय."

"कशाचा?"

"चेहऱ्याचा गं. त्यांचीच इच्छा. युरोपच्या सहलीला गेले होते ना, तिथं म्युझियममध्ये मोठमोठ्या लोकांचे मेल्यावर घेतलेले चेहरे बघितले. तेव्हापासनं एकच धोशा, माझाही असाच घ्या, त्यावरनं शाळेत पुतळा करा. आणि इथं तुझ्याशिवाय हे करणार कोण?"

येते म्हटलं आणि फोन ठेवला. कोपऱ्यातली रिकामी बादली लाथेनं उडवली. दुःखानं नव्हे, संतापानं. वा रे वा अप्पा, म्हटलं, तुम्हाला हवा होय चेहरा!

तीसेक वर्षांपूर्वी मी धारवाडच्या कलाशाळेत दुसऱ्या वर्षाला होते. कलेचा इतिहास शिकवणारे सर पडद्यावर युरोपातलं मरण दाखवायचे. चर्चच्या भिंतीवर सांगाडे राजाचा हात धरून नाचताहेत, शेजारी सावकार, धर्मगुरू, तान्हं मूल, कुणाची सुटका नाही. एक थडगं तर दोन मजली. वरच्या मजल्यावर साहेब भरजरी कपड्यांत हात जोडून झोपलेला, खालच्या मजल्यावर तोच साहेब उघडानागडा, पोटात किडे पडलेला. वर्गातल्या मुली ‘शी!’ करून तोंडावर ओढणी घ्यायच्या. मला ते फार आवडायचं. आपल्याकडे फोटोला हार घातला की माणूस देवमाणूस होतो. तिकडे निदान कुणीतरी किडेसुद्धा कोरले होते.

मग सरांनी प्लास्टरचे मुखवटे दाखवले. माणूस गेला की तासा-दोन तासांत चेहऱ्यावर प्लास्टर ओतून घेतलेले. मिटलेल्या पापण्या, दाढीचे खुंट, कपाळावरची शीर, सगळं जसंच्या तसं. त्यात एक पोरगी होती, ओठांवर किंचित हसू. नदीत बुडून मेलेली, नाव-गाव माहीत नाही. तिचा चेहरा इतका गोड की लोकांनी म्हणे घरोघर भिंतीवर टांगला. सर म्हणाले, "काही जण सांगतात ती बुडालीच नव्हती, कुणा जिवंत पोरीचाच साचा आहे. पण लोकांना त्याचं काय? त्यांना भिंतीवर चेहरा हवा होता." आम्ही हसलो होतो.

त्याच वर्षी बाबा गेले. काविळीनं गाल बसले होते, माणूस निम्मा झाला होता. बाबांचा धड फोटो घरात नव्हता. लग्नातला एक, त्यात चोविशीचा घाबरलेला नवरदेव. शाळेच्या ग्रुप फोटोत हरभऱ्याएवढं डोकं. मी ओळखत होते ते बाबा कुठंच नव्हते. मी एकोणीस वर्षांची, अक्कल बेताची, पण एवढं कळलं की आता हा चेहरा गेला तर कायमचा गेला. आईला विचारलं. तिनं मान हलवली. मी परसात बादलीत प्लास्टर कालवलं आणि आत यायला लागले, तोच दारात अप्पा.

"हे काय?"

मी सांगितलं. माझ्या मनगटाला धरून ते बोलायला लागले. "बाप मेलाय का खेळ चाललाय? प्रेताची विटंबना करतेस? हे विलायती थेर आमच्या घरात चालायचे नाहीत." मी म्हटलं, अप्पा, सोडा, लवकर लावायला हवं. त्यांनी सोडलं नाही. गुरुजींना हाक मारली, त्यांचं मत विचारलं, माझ्या शिक्षणावर बोलले, बाबांनी मला डोक्यावर कसं चढवलं त्यावर बोलले. वकीलच ते, बोलायला काय कमी! दहा-पंधरा मिनिटांनी मनगट सोडलं तेव्हा बादलीतल्या प्लास्टरचा दगड झाला होता. दुसरं पोतं नव्हतं. बाबांना नेलं.

प्लास्टर कुणासाठी थांबत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य मी त्या दिवशी शिकले. तो बादलीच्या आकाराचा गोळा अजून माझ्याकडे आहे. शेडचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला लावते. आणि बाबांचा चेहरा हळूहळू माझ्या डोक्यातनं गेला. आधी हनुवटी गेली, मग डोळे. आवाज आठवतो, हातावरचे खडूचे डाग आठवतात, चेहरा नाही. ज्याचा जातो त्यालाच कळतं.

तर अशी मी, बादली, प्लास्टर आणि व्हॅसलीनची डबी घेऊन देशपांडे नगरात गेले. मनात ठरलेलं होतं. अप्पांना हवाय ना युरोपसारखा चेहरा? तसाच देते. थडग्याच्या खालच्या मजल्यावरचा.

हॉलमध्ये जमिनीवर अप्पा होते. मी लोकांना बाहेर काढलं. भुवया, मिशी, पापण्यांना व्हॅसलीन चोपडलं. तेवढ्यात वहिनी वाटीत कवळी घेऊन धावत आल्या.

"अगंबाई, हे घालायचं राहिलंच की! कवळीशिवाय अप्पा कधी गॅलरीतसुद्धा यायचे नाहीत."

"राहू दे वहिनी," मी म्हटलं. "आता जबडा आखडलाय, ओढाओढ नको."

थोडी खटपट केली असती तर बसली असती. पण शाळेच्या दारात बोळकं तोंड घेऊन उभे राहा म्हटलं जन्मभर. पोरं येता-जाता बघतील.

जिवंत माणसाचा साचा घेताना नाकात नळ्या घालाव्या लागतात. इथं लागणार नव्हत्या, आणि त्याचं मला बरं वाटलं. पहिला पातळ थर ओतला. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की गरम होतं. वरनं हात ठेवला तर खालचा माणूस तापानं फणफणलाय असं वाटतं. दारात गुरुजी घड्याळ बघत होते. अण्णा त्यांना म्हणाला, "थांबा, थोडं थांबा. तिला घाई करू नका." मला ओरडावंसं वाटलं. त्या दिवशी असं म्हणणारं कोणी का नव्हतं रे? पण ओरडले नाही. साचा उचलला, अप्पांचा चेहरा ओल्या फडक्यानं पुसला आणि निघाले.

शेडमध्ये साच्यात प्लास्टर भरलं. दुसऱ्या दिवशी छिन्नीनं साच्याचं कवच फोडायला बसले. आधी कपाळ निघालं, मग नाक, मग बसलेले गाल. छिन्नी हातातनं पडली.

बाबा होते.

चष्मा नाही, आठ्या नाहीत, कवळी नाही. सगळी वकिली उतरल्यावर खाली जे उरलं होतं, ते माझ्या आजारी बाबांचं तोंड होतं. सख्खे भाऊ ना शेवटी! मला आठवत नसलेला चेहरा मला ओळखू मात्र आला. मी जमिनीवर बसून मोठमोठ्यानं रडले, तीस वर्षांचं रडले. मग उठून तोंड धुतलं आणि अण्णाला फोन लावला.

"अण्णा, साचा बिघडला रे. फुटला."

तो म्हणाला, "आता काही करता येणार नाही?"

"आता कसं येणार? माणूस गेला की."

"बरं. नशीब आमचं."

बाबांना नेल्यावर मीही हेच म्हटलं होतं. फोन ठेवला तेव्हा मला गोड लागलं, साखरेसारखं गोड. वाईट वाटायला हवं होतं, मी वाट बघितली, पण वाटलं नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी बारीक कानस घेऊन बसायचे आणि अप्पांना थोडं थोडं खरवडायचे. उजव्या गालावरचा चामखीळ पहिल्याच दिवशी छाटला. मिशी उडवली. नाक जरा बारीक केलं. डाव्या भुवईत बाबांना सायकलवरनं पडल्याची खोक होती, ती कोरली. महिन्याभरात अप्पा संपले. आता तो मुखवटा माझ्या बैठकीच्या खोलीत आहे, चंदनाचा हार घालून. खरे बाबा ते की खोटे, असं माझं मन कधीकधी विचारतं. तेव्हा मी त्याला त्या नदीतल्या पोरीची गोष्ट सांगते.

अप्पांच्या वर्षश्राद्धाचं सांगायला अण्णा घरी आला. दारातच थबकला.

"मास्तरकाका!" चप्पल काढून तो थेट भिंतीकडे गेला. "अगदी असेच दिसायचे गं. हे केलंस कधी?"

"केलं, आठवणीवरनं."

त्यानं बोटानं गालाला हळूच हात लावला. उजव्या गालाला, बरोबर चामखीळ होता तिथंच. आता ओळखणार, मला वाटलं. पण त्यानं हात काढून घेतला आणि दोन्ही हात जोडले.

"तू भाग्यवान," तो म्हणाला. "शाळेतला पुतळा बघितलास ना? फोटोवरनं केला कुणीतरी. कुठला तरी बँक मॅनेजर वाटतो. पोरं विचारतात, हे कोण. रोज त्यालाच बघून बघून आता मला अप्पांचा खरा चेहरा आठवेनासा झालाय गं." त्याचे डोळे भरून आले. साठीला आलेला माणूस, आपल्या बापापासून हातभर अंतरावर उभा राहून रडत होता. "तुझा तो साचा बिघडला नसता तर!"

तोंडापर्यंत आलं होतं. एक शब्द पुरला असता.

"प्लास्टर कुणासाठी थांबत नाही रे अण्णा," मी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.