टाळवाचक

चूक माझीच आहे, आणि ती नकळत झालेली नाही. दुसऱ्या कुणाला सुचलेलं नाव मी भर सभेत माझं म्हणून सांगितलं. ज्यांचं ते होतं, त्या बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या.

मी धरणगावला शाळेत मराठी शिकवतो. आम्ही सात-आठ शिक्षक मिळून खान्देशी शब्द गोळा करतो. एका चिठ्ठीवर एक शब्द, खाली अर्थ, कोपऱ्यात शब्दाची जात. माझं व्याकरण चांगलं असं सगळे मानत, म्हणून जात लिहिण्याचं काम माझ्याकडे. समूहवाचक, ध्वनिवाचक, समानार्थी. कशातच न बसणाऱ्या चिठ्ठ्या मी 'इतर' लिहून बुटाच्या खोक्यात टाकायचो.

गेल्या वर्षी यावलकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एक बाई आमच्यात आल्या. माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी ते खोकं मागून नेलं. महिन्याने परत आणलं तेव्हा तीसेक चिठ्ठ्यांना रबर लावून वरच्या कागदावर लिहिलं होतं : टाळवाचक.

"हे काय?" मी विचारलं.

"खरा शब्द टाळायला वापरतो ते, सर. दिवा विझवला म्हणत नाही, शांत केला म्हणतो. बांगडी फुटली नाही, वाढली. आणि केळीच्या बागेत सापाला साप म्हणून बघा! लांबडं म्हणायचं. नाहीतर बाया हातातली भाकर टाकून उठतील."

सगळे हसले. मी म्हणालो, "व्याकरणात असा प्रकार नाही."

"नसेल. शब्द तर आहेत ना, सर?"

बावीस वर्षं मी 'वाचक' हा शब्द फळ्यावर लिहीत आलो. तो लावून एक नवीन नाव करावं, हे मला एकदाही सुचलं नाही. त्या चिठ्ठ्या मी घरी नेल्या आणि बाईंनी त्यांवर केलेल्या नोंदींत चुका शोधत बसलो. एक वेलांटी चुकलेली सापडली, तेव्हा बरं वाटलं. इतका मी खाली उतरलो होतो.

पुढच्या महिन्यात धुळ्याला सभा झाली. जमलेल्या शब्दांची ओळख मला करून द्यायची होती. मी 'टाळवाचक' म्हटलं, उदाहरणं दिली, लांबड्याचंसुद्धा. पुढे बसलेले एक आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! हाई नाव तुले सुचनं का भाऊ?"

नुसता मागे हात केला असता तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "हो आबा. वर्गात शिकवता शिकवता सुचलं."

टाळ्या वाजल्या. बाईंनीही वाजवल्या. मात्र त्यानंतर त्यांच्या चिठ्ठ्या येणं बंद झालं. दोन महिने मी वाट पाहिली, मग एक दिवस रजा टाकून एसटीने त्यांच्या शाळेत गेलो. त्यांनी चहा मागवला, केळी पुढे केली. मी कसंबसं म्हणालो, "बाई, माझं चुकलं."

त्यांनी कप खाली ठेवला. "इथे कोण ऐकतंय, सर? मला तर माहीतच होतं. आबांना सांगा."

परतीच्या वाटेवर मी त्यांच्यावरच चिडलो होतो. एवढी माफी मागितली, आणखी काय हवं? धरणगाव आलं तेव्हा कळलं, मी तिथेही टाळतच होतो. 'चुकलं' म्हणालो होतो. 'चोरलं' म्हणालो नव्हतो.

पुढच्या सभेला तेच आबा पुढे होते. बाई आल्या होत्या, पुन्हा शेवटच्या रांगेत. मी चिठ्ठ्यांचं खोकं उघडण्याआधी उभा राहिलो.

"आबा, मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतं. 'टाळवाचक' हे नाव माझं नाही. ते या बाईंचं आहे. मला त्यांचा हेवा वाटला, म्हणून मी ते चोरलं, आणि तुमच्याशी खोटं बोललो. बाई, मला माफ करा."