तीन तक्रारींचा नियम

चौक आणि आसपासच्या गावांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. कुणाला म्हैस विकायचीय, कुणाला कर्जतला जाणारा टेंपो हवाय, कुणाची किल्ली हरवलीय, सगळं त्यावर. रसायनीच्या कारखान्यातल्या नोकरीतून रिटायर झालो आणि मी या ग्रुपचा अ‍ॅडमिन झालो. हौसेनं झालो, हे कबूल करतो.

पहिल्याच महिन्यात लोकांनी डोकं उठवलं. माझ्या गावच्या माणसाची पोस्ट ठेवली की 'गाववाल्याची बाजू घेतली', काढली की 'मोठा आलाय शहाणा'. मग मी नियमच केला. तिघांनी तक्रार केली की माणूस ग्रुपबाहेर. तक्रार कुणाची, कुठल्या घरची, हे बघायचंच नाही, फक्त किती आल्या ते मोजायचं. या नियमाचा मला भारी अभिमान होता. बायको 'न्यायाधीश' म्हणून चिडवायची, तेही आवडायचं.

आमच्या गावातली एक काकी तांदळाच्या भाकऱ्या करून विकायची. नवरा गेल्यापासून तिचं घर त्यावरच चालत होतं. रोज सकाळी भाकरीबरोबर आज काय आहे ते ग्रुपवर लिहायची आणि त्याखाली हायवेवरच्या गॅरेजवाल्यांच्या ऑर्डरी पडायच्या. एका सोमवारी तिच्याबद्दल तीन तक्रारी आल्या. भाकरी शिळी होती, भाजीत केस निघाला, पोट बिघडलं. तीन नंबर, म्हणजे तीन माणसं. मी तिला काढून टाकलं आणि चहा प्यायला बसलो.

आठ दिवसांनी गाडीचं पंक्चर काढायला गेलो, तर गॅरेजवाला उखडलाच. "काय हो, काकीला कशाला काढलंत? आमची माणसं आठ दिस वडापाववर हायत."

मी रुबाबात तिन्ही तक्रारी दाखवल्या. त्यानं नंबर आपल्या फोनमध्ये टाकून बघितले आणि हसायलाच लागला. "अहो, हा तिचा दीर. हा दिराचा मुलगा, ही त्याची बायको. एकाच घरातनं तीन फोन! बांधावरनं भांडण चाललंय त्यांचं. तुमाला ठाऊक नाय?"

ठाऊक होतं हो. बांधाचं भांडण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. नंबर कुणाचे हे बघायचं नाही, एवढं मात्र मीच ठरवलं होतं. स्वतःचाच असा संताप आला की पंक्चर तसंच टाकून तिच्या घरी चालत गेलो.

काकी ओटीवर तांदूळ निवडत होती. घरच्यापुरतेच. मी सगळं सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

"पयल्या दिशी वाटलं फोन बिगडला. भाकऱ्या करून बसले रं दुपारपावतर. मग शेजारनीनं सांगितलं, तुला काढलीय म्हनून."

"काकी, नियम सगळ्यांना सारखा होता."

"आसंल. पन त्या तिगांचं आयकलंस, मला कुटं इचारलंस? रोज माज्या दारावरनं जातोस."

मी तिथंच फोन काढून तिला ग्रुपमध्ये परत घेतलं. तिचा फोन वाजला, तिनं बघितलासुद्धा नाही.

"आता परत घेऊन काय? शिळं खायला घालते म्हनून नाव झालं माजं. कोन मागवनार माज्याकडनं?"

खरंच होतं. मी लगेच लिहायला घेतलं आणि लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. 'ग्रुपच्या नियमानुसार काकींना काढण्यात आले होते. तक्रारी खोट्या निघाल्या आहेत.'

आता मात्र तिनं सूप खाली ठेवलं. "नियमानं नाय काढली. तू काढलीस. तसं लिव."

मी ते पुसलं. 'काकींना मी काढलं. काढण्याआधी त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. तक्रारी खोट्या होत्या.' एवढंच लिहिलं आणि तिच्यासमोर पाठवलं.